तीन नंबरचा बिल्ला

जबलपूरच्या चेरीतालमध्ये कुणाला ड्रिल घ्यायचं असलं, की तो माणूस दुकानात जायच्या आधी रत्नाकर देवपुजाऱ्यांच्या वरांड्यात यायचा. गल्लीचा रिवाजच होता म्हणा ना. रत्नाकर आयुष्यभर फॅक्टरीच्या टूल रूममध्ये होते. जाळीच्या खिडकीच्या आत ते आणि बाहेर हत्यार मागायला आलेल्या कारागिरांची रांग, अशी सगळी नोकरी गेली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण जीभ काही रिटायर झाली नव्हती. आलेल्या माणसाला आधी बसवायचं, चहा पाजायचा आणि मग उलटतपासणी सुरू.

"कशाला पाहिजे? पडदे टांगायला? मग सस्तं घ्या, उगाच खर्च नका करू. कपाटं बनवणार? स्लॅबला भोकं पाडणार? मग चांगलंच घ्या, सस्त्याच्या नादी लागू नका, हात जाईल एखाद दिवशी. आणि घेताना उचलून पाहा. आत तांबं किती आहे ते वजन सांगतं."

पाच मिनिटांसाठी आलेला बिचारा तासाभरानं उठायचा. पण सल्ला खरा निघायचा, म्हणून लोक पुन्हा यायचे.

तर अशा या रत्नाकरांनी स्वतःच्या घरासाठी ड्रिल आणलं, ते दुकानातलं सगळ्यांत सस्तं. पोपटी रंगाचं, हलकं, जत्रेतल्या खेळण्यासारखं. शेजारचे भय्यासाहेब ते पाहून कप बशीत ठेवायचं विसरले.

"काय हो देवपुजारी, पेन्शन बंद झाली काय? मला तर तुम्ही भारीवालं घ्यायला लावलं. दोन महिने बायको बोलत नव्हती माझ्याशी!"

"कामचलाऊ आहे," रत्नाकर म्हणाले आणि त्यांनी तोंडासमोर पेपर धरला. पेपर कालचा होता.

गल्लीत झाली ना बोंब! कुणी म्हणालं म्हातारा कंजूष झाला, कुणी म्हणालं डोकं चालेनासं झालं. यातलं काहीच खरं नव्हतं. खरं काय ते कळायचं तर देवपुजाऱ्यांच्या घरात शिरून मागच्या खोलीतली भिंत पाहायला हवी.

त्या भिंतीवर एक मोठी लाकडी फळी होती, थेट टूल रूमसारखी. प्रत्येक हत्याराला स्वतःचा खिळा आणि खिळ्याभोवती काळ्या रंगानं त्या हत्याराची आकृती काढलेली, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनच दिसावं. फॅक्टरीतला नियमही रत्नाकरांनी जसाच्या तसा घरी आणला होता. हत्यार न्यायचं, तर त्याच्या खिळ्याला आपला पितळी बिल्ला अडकवायचा. हत्यार परत आलं की बिल्ला आपल्या हातात परत. बिल्ला लटकतो आहे तोवर हत्यार बाहेर गेलेलं आहे आणि ते येणार आहे. मधल्या काळात त्या खिळ्यावर दुसरं काही टांगायचं नाही, साक्षात जनरल मॅनेजर येऊन उभा राहिला तरी नाही.

पितळेच्या चकत्या कापून, त्यांवर नंबर ठोकून त्यांनी घरच्यांचे बिल्ले केले होते. एक नंबर स्वतःचा, दोन नंबर बायकोचा, म्हणजे लतिकाबाईंचा आणि तीन नंबर केतनचा. लतिकाबाई हसायच्या. "नारळ फोडायला हातोडी नेली तरी बिल्ला लावायचा काय?" लावायचा! आणि त्या लावायच्या, कारण नाही लावला तर नवरा घरभर हातोडी शोधत फिरायचा, ती समोर ओट्यावर दिसत असली तरी. केतन मात्र लहानपणी बिल्ला दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचा. शाळेत विचारलं तर सांगायचा, "मैं भी फैक्ट्री में हूँ."

आज त्या फळीवर सगळं जागच्या जागी होतं. पाने, पकडी, करवत, रंधा. फक्त मधोमध एक मोठी आकृती रिकामी होती, ड्रिलची. आणि तिच्यात, खिळ्याला, तीन नंबरचा बिल्ला लटकत होता. सात-आठ वर्षं झाली असतील त्याला.

ते ड्रिल केतन शाळेत असताना आलेलं. चांगलं जड, लोखंडी अंगाचं, चालू केलं की खोलीभर घुमायचं. त्या ड्रिलनं बापलेकांनी काय काय केलं नाही! कूलरचा स्टॅंड केला, केतनचं अभ्यासाचं टेबल केलं, लतिकाबाईंच्या कुंड्यांसाठी पायऱ्यांची मांडणी केली. ती मांडणी एका बाजूला थोडी झुकलेली होती आणि त्याचं खापर दोघंही एकमेकांवर फोडायचे. भिंतीला भोक पाडताना केतनचं काम ठरलेलं असायचं, खाली स्टीलची वाटी धरायची, म्हणजे भुकटी जमिनीवर पडून आईची बोलणी खायला नकोत. ट्रिगर दाबायच्या आधी रत्नाकर विचारायचे, "वाटी धरली?" आणि पोरगं छाती काढून सांगायचं, "धरली!" त्याशिवाय ड्रिल चालू व्हायचंच नाही.

पुढे केतन इंजिनीयर झाला, हैदराबादला नोकरी लागली. तिथली भाड्याची खोली लावायची म्हणून त्यानं ड्रिल मागितलं. रत्नाकरांनी स्वतः फडक्यात गुंडाळून दिलं. ऑटो दारात उभा, आई लाडवांचा डबा घेऊन उभी, आणि हा एकदम आत पळाला. बाहेर येऊन म्हणाला, "बाबा, बिल्ला लावून आलो!" रत्नाकरांना त्या क्षणी त्याच्या डिग्रीचा वाटला नव्हता इतका अभिमान वाटला.

हैदराबादहून तो कॅनडाला गेला. ड्रिलचं विचारलं की फोनवर सांगायचा, "आहे बाबा, इथं कपाटात आहे. आलो की आणतो." मधे दोनदा येऊन गेला, एकदा स्वतःच्या लग्नाला आणि एकदा कोरोनानंतर. दोन्ही वेळा म्हणाला, सामान जास्त झालं, पुढच्या वेळी नक्की.

आता रत्नाकर काही दुधखुळे नव्हते. कॅनडातली वीज आपल्याकडच्या निम्म्या जोराची असते, आपलं ड्रिल तिथं नीट चालायचं नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण माणसाचं मन मोठं वकील असतं हो! त्यांनी त्यातूनही आपल्याच बाजूचा निकाल काढला. तिथं चालत नाही, म्हणजे तिथं त्याचा उपयोग नाही. उपयोग नाही, म्हणजे पोरगा ते ठेवून काय करणार? आणेलच परत. आणि ड्रिल आणायला येईल तो काही नुसता ड्रिल ठेवून जाणार नाही. असं ते स्वतःलाच समजावत आले होते.

मग गेल्या दिवाळीत केतननं तिथं घर घेतलं. वास्तुपूजा फोनवर दाखवली. लतिकाबाईंनी गल्लीत पेढे वाटले आणि रत्नाकरही सगळ्यांना सांगत फिरले, "चलो, बरं झालं, पोरगं मार्गी लागलं." घरी आले आणि मागच्या खोलीत जाऊन फळीसमोर उभे राहिले. घर घेतलेला माणूस परत येतो का, हे त्यांना कुणाला तरी विचारायचं होतं. पण विचारणार कुणाला? उत्तर देणारा एकच होता आणि त्याचं उत्तर ऐकायची छाती नव्हती.

हे असं चाललेलं असताना नागपूरहून बंगई आली.

लतिकाबाईंच्या भावानं घर विकून फ्लॅट घेतला. फ्लॅटमध्ये बंगई लावायला जागा नाही, म्हणून त्यानं ती ट्रकनं बहिणीकडे पाठवून दिली. सागवानी पाट, चार पितळी साखळ्या, हत्तीच्या नक्षीच्या कड्या. बाकीच्या महाराष्ट्रात तिला झोपाळा म्हणत असतील, लतिकाबाईंना तो शब्द फिका वाटायचा. पाट भिंतीला टेकवून ठेवला तेव्हा त्या त्याच्यावरून हात फिरवत बराच वेळ उभ्या राहिल्या.

"माझे बाबा जेवण झालं की यावर बसायचे," त्या म्हणाल्या. "मी बाजूला. ते पायानं झोका द्यायचे आणि मी झोपून जायची. लग्न होऊन इथं आली तेव्हापासून मनात आहे, आपल्या वरांड्यात बंगई पाहिजे. कधी बोलली नाही मी. आता बोलते. लावून द्या."

लतिकाबाईंनी इतक्या वर्षांत मागितलं ते काय? एक कूलर आणि ही बंगई. नाही म्हणायची सोयच नव्हती. पण बंगई लावायची तर वरांड्याच्या स्लॅबला चार खोल भोकं पाडून हूक बसवायचे. म्हणजे ड्रिल पाहिजे.

"मिस्त्री बोलावते," लतिकाबाई म्हणाल्या.

"माझ्या घरात मिस्त्री?" रत्नाकर असे भडकले की जणू बाईंनी दुसरा नवरा बोलवायचं म्हटलं होतं. "मी आणतो ड्रिल."

"मग चांगलं आणा."

बडा फुहारा चौकाच्या मागच्या गल्लीत योगेंद्रचं हत्यारांचं दुकान. चेरीतालची अर्धी गिऱ्हाइकं त्याला रत्नाकरांनीच पाठवलेली, त्यामुळे त्यानं स्टूल पुसून दिलं, चहा मागवला आणि न विचारताच काउंटरवर एक जड पेटी उघडली.

"दादा, ये आपके लायक है. पंद्रह-बीस साल कहीं नहीं जाता."

रत्नाकरांनी ते हातात घेतलं. अहाहा! वजन असं, की तळहातानं लगेच ओळखावं. मूठ पक्की, बिट पकडणारा पुढचा चक एका बोटानं फिरणारा. चालू केलं तर आवाज घुमला, थेट त्या जुन्यासारखा. क्षणभर त्यांना खाली वाटी धरलेले दोन लहान हात दिसले. त्यांनी ट्रिगर सोडला.

घ्यायचं मन होतं. खोटं कशाला सांगा, अगदी जीव गेला होता त्यात. पण एक प्रश्न मधे येऊन बसला. हे घरी नेलं, तर टांगायचं कुठं? एका घरात अशी दोन ड्रिलं कोण ठेवतं? हे पंधरा-वीस वर्षं चालणारं धूड फळीवर चढलं, म्हणजे त्या जुन्याची वाट पाहायचं कारणच संपलं. मग बिल्ला उतरवायचा. आणि उतरवून कुणाच्या हातात द्यायचा?

"ये नहीं," ते म्हणाले. "वो हरा वाला दे दे."

योगेंद्रला वाटलं दादा मस्करी करून राहिले. "दादा, ये तो आप किसी को लेने नहीं देते! छत में नहीं चलेगा ये."

"कामचलाऊ चाहिए. असली वाला आने वाला है."

योगेंद्रनं पोपटी डबा पिशवीत घातला. सस्तं घेतलं, म्हणजे थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. सस्तं घेतलं, म्हणजे तो येणार आहे. एवढा साधा हिशोब होता म्हाताऱ्याचा, आणि गल्ली म्हणून राहिली होती की कंजूष!

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाकर शिडीवर चढले. लतिकाबाई खाली स्टुलावर, हात उंच करून वाटी धरून. पहिलं भोक पडायला अर्धा तास लागला. ड्रिल नुसतं किंचाळायचं आणि जागच्या जागी फिरायचं. दुसऱ्या भोकाला मधे लोखंडी सळई लागली. रत्नाकरांनी जोर लावला. ज्या माणसानं हजार जणांना बजावलं होतं की हत्यारावर जोर लावायचा नसतो, त्यानंच लावला! जळका वास आला, धूर निघाला, बिट स्लॅबमध्ये अडकली आणि ड्रिलनं मनगटाला असा हिसका दिला की शिडी हलली.

लतिकाबाईंच्या हातातली वाटी खणखणत वरांड्यात पडली. त्यांनी शिडी दोन्ही हातांनी धरली आणि नवरा खाली उतरेपर्यंत सोडली नाही. उतरल्यावर त्यांचं मनगट चोळलं, हळद लावली, पट्टी बांधली. मग तोंड उघडलं.

"काहून आणलं हे? सांगा मला. तुम्हाला कळत नव्हतं? पडले असते म्हणजे?"

"नाही पडलो ना."

"असे मूग गिळून बसू नका. मला काय समजत नाही?" त्यांचा आवाज चढला. "त्या खिळ्यापायी आणलं तुम्ही हे. नवीन चांगलं आणलं तर त्याचा बिल्ला उतरवावा लागेल म्हणून."

रत्नाकर पट्टीची गाठ सैल करू लागले.

"आणि एक विचारते. तुम्ही पितळेतले माणूस ना? सात-आठ वर्षं एक पितळेची चकती भिंतीवर लटकून राहिली आहे. काळी नाही पडली, हिरवी नाही पडली. काहून नाही पडली? विचारलं कधी स्वतःला?"

नव्हतं विचारलं. चमकतो आहे एवढं पाहिलं होतं आणि बरं वाटून घेतलं होतं.

"मी घासते," लतिकाबाई म्हणाल्या आणि आता त्यांचा आवाज फुटला. "देवाची भांडी घासली की त्याच चिंचेनं. खिळ्यावरून न काढता, तिथल्या तिथं. मलाही तो उतरवता येत नाही हो. पण म्हणून तुम्ही शिडीवरून पडायचं काय? रविवारी त्याचा फोन येतो. विचारा त्याला. मी नाही विचारणार, तुम्हीच विचारायचं. येणार असेल तर येणार म्हणेल. नसेल तर... नसेल तर तेही कळू द्या एकदाचं."

रविवार उगवला. इकडे सकाळ, तिकडे शनिवारची संध्याकाळ. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, समोर दोघं. केतनचा चेहरा आला. दाढीत दोन-चार पांढरे केस दिसून राहिले होते. आईनं हवापाणी विचारलं, सून कामावरून आली का ते विचारलं आणि मग नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"केतन, एक सरळ विचारतो," रत्नाकर म्हणाले. "ते ड्रिल तू आणणार आहेस का? नाही, काय आहे, मला ठरवायचं आहे. आणणार असशील तर मी आणखी एखादं कामचलाऊ घेतो. नसशील तर चांगलं घेतो. बस, इतकंच."

इतकंच म्हणे! टेबलाखाली लतिकाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

केतननं नजर बाजूला वळवली. मग म्हणाला, "बाबा, ते ड्रिल माझ्याजवळ नाही."

"नाही म्हणजे? कपाटात आहे म्हणायचा ना?"

"खोटं बोलायचो. मी इथं आणलंच नाही कधी."

"मग?"

"हैदराबादची रूम सोडून जबलपूरला आलो होतो ना, इकडे यायच्या आधी? तेव्हा बॅगेत भरलं होतं मी ते. तुम्हाला द्यायला. मग काढलं. रूममेटकडे ठेवून दिलं. नंतर तो कुठं गेला, ड्रिल कुठं गेलं, पता नहीं बाबा."

रत्नाकरांना राग आला. असं हत्यार, आणि कुणा रूममेटकडे! टूल रूमच्या खिडकीतून निघायचा तो खास आवाज निघाला. "भरलेलं काढलंस? काहून?"

केतननं मान खाली घातली. हा घर घेतलेला, दाढी पिकायला लागलेला माणूस, पण मान खाली घालायची तऱ्हा तीच, मांडणी वाकडी झाल्याच्या दिवशीची.

"आणलं असतं तर तुम्ही बिल्ला उतरवला असता ना," तो म्हणाला. "उतरवून माझ्या हातात दिला असता. नियम आहे. आणि मी इतक्या दूर चाललो होतो. मला वाटलं, तो तिथंच राहू द्यावा. तो लटकून आहे तोवर मी नुसता बाहेर गेलो आहे, असंच झालं ना? गेलो, असं नाही झालं." त्यानं डोळे पुसले. "दर वेळी येतो तेव्हा पहिल्यांदा तेच पाहतो मी, आहे की नाही ते. एवढा चमकतो बाबा. तुम्ही पॉलिश करता ना?"

लतिकाबाई पदर तोंडाला लावून उठल्या आणि उगाच गॅसपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

इतकी वर्षं ते एकटेच त्या चकतीला धरून बसले आहेत, असं त्यांना वाटत आलं होतं. आणि ही दोघं? एक चिंचेनं घासून राहिली, दुसरा सातासमुद्रापार बसून खोटं बोलून राहिला. तिघंही एकाच खिळ्याला लटकलेले आणि एकानंही दुसऱ्याला सांगितलं नाही. रडावं की केतनला दोन शिव्या द्याव्या, हेच त्यांना कळेना. शेवटी त्यांनी घसा खाकरला आणि खिडकीवरचा आवाज काढला.

"हत्यार हरवलं तर काय करायचं असतं?"

"रिपोर्ट करायची," केतन म्हणाला.

"ती आज झाली. फार उशिरा झाली, पण झाली. पुढे?"

"पुढे... बिल्ला परत."

"परत कसा?"

"हातात."

"हातातच. पोस्टानं नाही, फोनवर नाही. आणि दुसऱ्या कुणी उतरवायचा नाही. ज्याचा बिल्ला आहे त्यानं स्वतः खिडकीवर यायचं, स्वतः उतरवायचा. तोपर्यंत तो लटकणार."

"असा नियम होता बाबा?"

"होता."

गॅसपाशी उभ्या लतिकाबाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. संसारभर त्यांनी टूल रूमचे नियम ऐकले होते, उठता बसता, जेवताना, लग्नाच्या पंगतीत. असा कुठलाही नियम कधी नव्हता. त्यांनी गॅस लावून चहाचं आधण ठेवलं.

"येईन बाबा," केतन म्हणाला. "बघतो, पुढच्या..." आणि थांबला. पुढच्या काय, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. रत्नाकरांनी त्याला पुढचं विचारलं नाही. म्हणाले, "जेव, उशीर झाला असेल तिकडे."

दुसऱ्या दिवशी ते योगेंद्रच्या दुकानात गेले.

"दादा, असली वाला नहीं आया?"

"नहीं आया," रत्नाकर म्हणाले. "वो पेटी निकाल."

नवं ड्रिल घरी आलं. फळीवरच्या जुन्या आकृतीत ते बसत नव्हतं, आणि त्यांनी बसवलंही नाही. शेजारी जागा करायला करवत वर सरकवली, नवा खिळा ठोकला, नव्या ड्रिलभोवती काळ्या रंगानं नवी रेघ ओढली. मनगट अजून दुखत होतं, त्यामुळे रेघ थोडी वाकडी आली. तीन नंबरचा बिल्ला आपल्या खिळ्यावर होता तसाच राहिला.

रंग वाळेपर्यंतही त्यांना धीर नव्हता. शिडीवर चढले, लतिकाबाई खाली स्टुलावर. अडकलेली बिट आधी उपटून काढली, मग सळई चुकवून बाजूला खूण केली. ट्रिगरवर बोट ठेवलं आणि थांबले. थांबले ते थांबलेच.

"काय झालं?" लतिकाबाईंनी विचारलं.

"वाटी धरली?"

कुणाचं उत्तर आपण देतो आहोत, ते त्यांना कळलं होतं. मग हात आणखी उंच करून त्या म्हणाल्या, "धरली."

ड्रिल घुमलं. लोण्यात सुरी जावी तशी बिट स्लॅबमध्ये गेली आणि पांढरी भुकटी वाटीत पडत राहिली.

पुढच्या रविवारी फोन वरांड्यात नेला होता. लतिकाबाई बंगईवर बसल्या होत्या, एका बाजूला सरकून, दुसऱ्या बाजूची जागा लहानपणीच्या सवयीनं सोडून. रत्नाकरांनी फोन फिरवून केतनला हूक दाखवले, कड्या दाखवल्या, मग मागच्या खोलीत नेऊन नवं ड्रिल दाखवलं. केतननं आधी शेजारच्या खिळ्याकडे पाहिलं, बिल्ला आहे ना ते. मग ड्रिल नीट पाहिलं आणि हसला.

"बाबा, हे तर एकदम वरचं मॉडेल आहे! एका बंगईसाठी इतकं महागाचं काहून घेतलं? सस्तं चाललं असतं ना. तुम्हीच तर सगळ्यांना सांगता, काम पाहून घ्या म्हणून."

"काम पाहूनच घेतलं," रत्नाकर म्हणाले. "सस्तं तू येईपर्यंत टिकलं नसतं."

बाहेर वरांड्यात लतिकाबाईंनी पायानं हलकेच झोका दिला आणि साखळ्या करकरल्या.